डॉक्टरांना ‘वीकनेस’ सांगण्याआधी

दोन वर्षांपूर्वी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे इंग्लंडला आली होती. नोव्हेंबरात तिची तब्येत जरा उतरली. जेवण कमी, दुपारी दोन-दोन तास झोप आणि दिवसभर एकच पालुपद, ‘‘अंगात काही त्राणच नाही गं.’’ जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नेलं. आई शाळेत मुख्याध्यापिका होती, इंग्रजीला घाबरणारी नाही. मी तोंड उघडायच्या आत तिनेच सांगून टाकलं, ‘‘डॉक्टर, आय हॅव वीकनेस.’’

डॉक्टरीणबाईंनी एकदम मान वर केली. कुठल्या हातात? की पायात? कधीपासून? अचानक आला का? आई माझ्याकडे बघायला लागली. पुढची काही मिनिटं सगळी कवायतच. दोन्ही हात समोर धरा, डोळे मिटा. माझी बोटं घट्ट दाबा. मला ढकला. आता ओढा. भुवया उंचवा, दात दाखवा. गुडघ्यावर हातोडीही मारून झाली. शेवटी बाई म्हणाल्या, ‘‘ताकद तर उत्तम आहे तुमची.’’ मग पुढचं विचारणं, मग रक्ताची तपासणी, आणि चार दिवसांनी कळलं की बी-१२ कमी आहे. बाहेर पडल्यावर आई धुसफुसत होती, ‘‘एवढी ढकलाढकली करायला लावली आणि वर म्हणते वीकनेस नाहीच!’’

खरं तर दोघीही बरोबर होत्या. वीकनेस हा शब्द आपण मराठीत इतका मुरवलाय की तो इंग्रजी आहे हेच विसरून गेलोय. आपला वीकनेस म्हणजे टायफॉइडमधून उठल्यावरचा, कडक उपासानंतरचा, बाळंतपणानंतरचा. ज्याच्यावर सलाईन लावतात, शक्तीचं औषध देतात, खारीक-खोबऱ्याचे लाडू खायला घालतात तो. इंग्रजी डॉक्टरच्या कानाला मात्र त्या शब्दाचा पहिला अर्थ एकच: स्नायूतली ताकद गेली. आणि ताकद गेली म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात आधी पक्षाघात येतो, मज्जातंतू येतात, मणका येतो. आपल्याला सांगायचं असतं ‘गळून गेलेय’ आणि त्यांना ऐकू येतं ‘लुळं पडलंय’.

इथे नव्याने आलेल्यांसाठी, मुलांकडे राहायला येणाऱ्या आईवडिलांसाठी आणि नर्सिंगच्या नोकरीवर आलेल्या मुलींसाठी हे लिहितेय. इंग्लंडचं मला माहीत आहे, म्हणून मुख्यतः तिथलंच. अमेरिकेत जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

पायरी १: आधी मराठीत नेमकं ठरवा

इंग्रजी शब्द शोधायला धावू नका. मराठीत आपल्याकडे शीण आहे, थकवा आहे, मरगळ आहे, ग्लानी आहे, कणकण आहे, कसर आहे. प्रत्येकाची छटा वेगळी, आणि आपण हे सगळं वीकनेसच्या एकाच पिशवीत कोंबतो. ती पिशवी आधी घरीच उपसा.

त्यासाठी स्वतःला एकच विचारायचं: मला काय करायला जमत नाहीये? आणि का जमत नाहीये?

उदाहरण जिन्याचं घ्या. ‘जिना चढवत नाही’ हे मराठी वाक्य तीन निरनिराळ्या माणसांचं असू शकतं. एकाला चार पायऱ्यांत धाप लागते. दुसऱ्याला धाप नाही, पण मांड्या साथ देत नाहीत, कठड्याला धरून अंग वर ओढावं लागतं, खुर्चीतून उठतानाही हात टेकावे लागतात. तिसऱ्याला चढता येतं, पण चढायचं मनातच येत नाही. पहिल्याला डॉक्टरांना ‘ब्रेथलेस’ सांगायचं आहे, दुसऱ्याला ‘वीक’, तिसऱ्याला ‘टायर्ड’. तिघांच्या तपासण्या वेगळ्या, औषधं वेगळी. आणि तिघेही आपल्या पद्धतीने ‘वीकनेस आलाय’ म्हणून मोकळे होतात!

पायरी २: वीक आणि त्याची भावंडं

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

‘वीक’ हा शब्द शरीराबद्दल बोलताना अवयवाला जोडून वापरा. डावा हात वीक आहे, पकड वीक झालीय, हातातून कप निसटतो. डॉक्टर ही ताकद शून्य ते पाच अशा श्रेणीत मोजतात. पाच म्हणजे पूर्ण ताकद, तीन म्हणजे हात स्वतःच्या वजनासकट वर उचलता येतो पण कोणी दाबला तर टिकत नाही, शून्य म्हणजे स्नायू हलतच नाही. हॉस्पिटलच्या पत्रात ‘पॉवर’ या शब्दापुढे पाचपैकी पाच लिहिलेलं दिसलं तर ते हेच. परीक्षेचे मार्क नव्हेत.

चेहऱ्याची एक बाजू अचानक ओघळली, एक हात वर राहत नाही, बोलणं अडखळतंय, यातलं एकही दिसलं तर शब्दांचा कीस पाडत बसू नका, ९९९ लावा. (अमेरिकेत ९११, भारतात ११२ किंवा १०८.) तिथे ‘सडन वीकनेस’ हे दोन शब्द अगदी योग्य, आणि ‘कधी सुरू झालं’ ती वेळ त्याहून महत्त्वाची.

‘टायर्ड’ हा शब्द आपल्याला फार साधा वाटतो. ऑफिसातून आलो की आपण टायर्ड असतोच, मग डॉक्टरला काय ते सांगायचं! म्हणून आपण जरा वजनदार म्हणून वीकनेस निवडतो. पण इथल्या जीपींच्या टिपणांत ‘सतत थकवा’ या तक्रारीला चार अक्षरांचं लघुरूप आहे, टी-ए-टी-टी, म्हणजे टायर्ड ऑल द टाइम. इतकी ती रोजची आणि मान्य तक्रार. तेव्हा बिनधास्त टायर्ड म्हणा, फक्त पुढे किती आणि कधीपासून ते जोडा. ‘फटीग’ म्हणजे त्याच्या पुढची पायरी, झोप काढूनही न जाणारा थकवा. आईला बोलायचं होतं ते हे.

‘फ्रेल’ हा शब्द ज्येष्ठांच्या कागदांवर हमखास भेटतो आणि वाचणाऱ्याला लागतो. माझ्या ओळखीच्या एका काकांनी वडिलांच्या पत्रात तो वाचला आणि शब्दकोशात ‘नाजूक, ठिसूळ’ बघून चिडले, ‘‘बाबांना ठिसूळ म्हणतात!’’ मुळात काकांचा शब्दकोश चुकला नव्हता. फ्रेल आणि फ्रॅजाइल एकाच लॅटिन मुळातून आलेत, आणि काचेच्या सामानाच्या खोक्यावर लिहितात तो हाच फ्रॅजाइल. पण वैद्यकात फ्रेल ही आता मोजून ठरवायची अवस्था आहे. २००१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी तिच्या पाच खुणा मांडल्या: आपोआप घटलेलं वजन, दमणूक, कमी झालेली पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. पाचातल्या तीन असल्या की फ्रेल. इंग्लंडात २०१७पासून जीपींनी पासष्टीच्या पुढच्या पेशंटांमध्ये ही अवस्था शोधून काढायची असा नियमच आहे. एक ते नऊ अशी दुसरी एक पट्टीही वापरात आहे. तिच्यात एक म्हणजे ठणठणीत आणि आकडा वाढेल तशी अवस्था नाजूक. तेव्हा पत्रात फ्रेल दिसलं तर राग गिळा आणि विचारा, ‘आकडा किती?’ साधा पडसं-ताप झाला तरी हा माणूस कोलमडू शकतो, तेव्हा जपा, एवढंच ते सांगत असतात. आपल्याकडे याला ‘पिकलं पान’ म्हणतात, पण ते डॉक्टरांच्या पत्रात लिहिता येत नाही.

‘फीबल’ आवाजाला, प्रकाशाला, सबबीला लावा. माणसाला लावू नका. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाचा अर्थ ‘रडू यावं असा’, आणि ब्रिटनच्या १९१३च्या एका कायद्यात मतिमंद ठरवलेल्या माणसांच्या एका वर्गाचं नावच ‘फीबल-माइंडेड’ होतं. तो वास अजून त्या शब्दाला येतो. ‘इन्फर्म’ म्हणजे वयाने थकलेला; आता तो बहुतेक ‘वृद्ध आणि जर्जर’ अशा जोडीतच येतो. मात्र लेस्टर, मँचेस्टर, ब्रॅडफर्ड या गावांत रॉयल इन्फर्मरी नावाची मोठी हॉस्पिटलं आहेत, आणि पाटी वाचून तो वृद्धाश्रम वाटला असं सांगणारी मंडळी मला भेटलीत.

पायरी ३: सिक की इल?

इथे फसलात तर मुलाची शाळा बुडते. गंमत करत नाहीये.

ब्रिटनमध्ये ‘आय वॉज सिक लास्ट नाइट’ म्हणजे ‘काल रात्री मला उलटी झाली’. ‘आय फील सिक’ म्हणजे मळमळतंय. नुसतं आजारी असणं म्हणजे ‘इल’. आता मुलाला साधी सर्दी होती म्हणून तुम्ही शाळेच्या ऑफिसला सांगितलंत, ‘ही वॉज सिक यस्टरडे’. शाळेने ऐकलं, उलटी झाली. उलटी-जुलाब असले तर शेवटच्या वेळेनंतर ४८ तास मुलाला शाळेत पाठवायचं नाही असा इथला आरोग्यखात्याचा सल्ला आहे. झालं, डबा भरून तयार असलेलं ठणठणीत पोर दोन दिवस घरी आणि तुमची रजा गेली.

पण भाषा सरळ असती तर काय! ऑफिसच्या बाबतीत हाच सिक पुन्हा साधा ‘आजारी’ होतो. ‘ऑफ सिक’ म्हणजे आजारपणाच्या रजेवर, तिथे उलटीचा संबंध नाही. सात दिवसांपर्यंत, शनिवार-रविवार धरून, डॉक्टरचा कागद लागत नाही. त्यापुढे लागतो. जुने लोक त्याला अजून ‘सिक नोट’ म्हणतात, पण २०१०पासून त्याचं नाव ‘फिट नोट’ आहे. फिट आहे असं लिहून द्यायचं नाहीये, घाबरू नका. काय काम झेपेल आणि काय नाही ते त्यावर लिहितात, म्हणून तसं नाव.

नामाच्या आधी लावायचं तर मात्र ‘सिक चाइल्ड’ हेच बरोबर, ‘इल चाइल्ड’ कानाला खटकतं. मूल ‘इल’ असतं आणि ते ‘सिक चाइल्ड’ असतं. नियम शोधू नका, वाक्य घोका.

अमेरिकेत सिक म्हणजे सरसकट आजारी आणि उलटीला ‘थ्रो अप’. ‘इल’ म्हटलं की तिथे जरा गंभीर काहीतरी वाटतं. प्रवासात मात्र दोन्हीकडे सिक म्हणजे मळमळच: कारसिक, सीसिक. याला आपला शब्द किती नेमका आहे बघा, ‘मला गाडी लागते’. कोकणच्या बोटीने जाणाऱ्या पिढीला बोट लागायची. दारू लागावी तशी बोट लागते, हे इंग्रजीला सुचलेलं नाही.

‘पुअरली’ हा खास ब्रिटिश शब्द. त्याचा गरिबीशी संबंध नाही. मुलाला जरा बरं नाही, तर ‘ही इज अ बिट पुअरली’. पण वॉर्डातली सिस्टर नातेवाइकांना शांतपणे ‘व्हेरी पुअरली’ म्हणाली तर बॅग भरा आणि निघा. आपल्याकडच्या ‘पेशंट सीरियस आहे’ची ती सौम्य आवृत्ती आहे. ‘अनवेल’चंही तसंच. आपण बॉसला पाठवतो त्या मेसेजमधला अनवेल किरकोळ असतो, डॉक्टर आपसात ‘अनवेल’ म्हणतात तेव्हा पेशंट खरंच बरा दिसत नसतो. राहता राहिला ‘इनडिस्पोझ्ड’. वर्तमानपत्रात ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे अनुपस्थित’ असं छापतात ना, तोच हा. आजार खरा की राजकीय, ते वाचणाऱ्याने ठरवायचं.

पायरी ४: चक्कर, मुंग्या, कसर

चक्कर सांगताना ‘डिझी’ एवढ्यावर थांबू नका, कारण पुढचा प्रश्न ठरलेला आहे. खोली गरगरते की डोळ्यांपुढे अंधारी येते? गरगरत असेल तर ‘स्पिनिंग’, तिथे कानाची तपासणी होते. भोवळ येऊन पडेन असं वाटत असेल तर ‘लाइट-हेडेड’, तिथे रक्तदाब बघतात.

मुंग्या येतात त्याला ‘पिन्स अँड नीडल्स’. मुंग्यांचं भाषांतर करू नका. बधिर म्हणजे ‘नम’. हात बधिर होणं आणि हातातली ताकद जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही असतील तर दोन्ही सांगा.

अंगात कसर असेल तर थर्मामीटर लावून आकडा सांगा, आणि सेल्सिअसमध्ये सांगा. आपल्या डोक्यात शंभर-एकशे एक बसलेलं असतं. इथे ३८ किंवा वर म्हणजे ताप. आपल्या हिशोबाने १००.४. आणि ‘शी हॅज अ टेंपरेचर’ म्हटलं की ताप आहे असंच समजायचं. टेंपरेचर तर सगळ्यांनाच असतं, हा विनोद माझ्या नवऱ्याने करून झालाय, कोणी हसलं नाही.

लहान बाळाबद्दल दोन शब्द जपून. ‘बाळ डल आहे’ असं आपण सर्रास म्हणतो. इंग्रजीत डल म्हणजे कंटाळवाणा किंवा मठ्ठ. ‘लेथार्जिक’ तर त्याहून जपून, कारण त्यावरून डॉक्टरांना बाळ उठवूनही नीट जागं होत नाही असा अर्थ लागू शकतो. तसं खरंच असेल तर वाट बघू नका. नुसतं मलूल असेल, खेळत नसेल, तर तेच सांगा: खेळत नाही, दूध निम्मं पितं, कुशीत पडून राहतं.

पायरी ५: कागदावरचे शब्द

विम्याचा फॉर्म भरताना हे लागतात. आजाराला इंग्रजीत अर्धा डझन नामं आहेत, पण मराठीशी जोडी लावली की सोपं जातं.

डिझीज म्हणजे रोग, डॉक्टरला सापडतो तो. इलनेस म्हणजे आजारपण, माणूस भोगतो ते. रोग असून आजारपण नाही असं होतं. रक्तदाब वाढलेला आणि गडी मजेत. उलटही होतं: सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस बेजार. डिसऑर्डर म्हणजे विकार, यंत्रणेची घडी बिघडलेली. एलमेंट म्हणजे किरकोळ दुखणंखुपणं. कंडिशन हा सभ्य, गोल शब्द, ज्यात सगळंच मावतं, आणि विम्यावाले म्हणूनच तो वापरतात. फॉर्मवर आधीपासूनची कंडिशन विचारली असेल तर ‘मला काही आजार नाही, फक्त गोळी चालू आहे’ हे उत्तर चालत नाही. गोळी ज्यासाठी चालू आहे ती कंडिशन. मधुमेह, थायरॉइड, बीपी, सगळं लिहा. हे लपवल्याने क्लेम बुडतो.

कंप्लेंट शब्द अगदी आपल्या तक्रारीसारखा आहे, पोटाची तक्रार तशी स्टमक कंप्लेंट. फक्त अवयवाचं नाव विसरू नका. जीपीच्या काउंटरवर नुसतं ‘आय हॅव अ कंप्लेंट’ म्हणालात तर समोरचा माणूस तुमच्याकडे दवाखान्याविरुद्ध गाऱ्हाणं मांडायला आलेला म्हणून बघेल.

क्रॉनिक म्हणजे जुनाट, भयंकर नव्हे. अक्यूट म्हणजे अचानक उपटलेलं, नवं. आणि ‘स्टेबल’ म्हणजे धोका टळला असं नाही. ‘क्रिटिकल बट स्टेबल’ म्हणजे अवस्था नाजूकच आहे, या घडीला आणखी बिघडत नाहीये. हे वाक्य ऐकून देवापुढे पेढे ठेवणारे आमच्या घरातच आहेत.

पायरी ६: एक शब्द टाकून द्या

‘इनव्हॅलिड’. पासवर्ड चुकला की येतो तो वेगळा, जोर मधे. जोर सुरुवातीला दिला की तोच स्पेलिंगचा शब्द ‘कायमचा दुखणाईत’ असा होतो, आणि त्यात माणूस बाद ठरवल्यासारखं वाटतं. सरकारी भत्त्याच्या नावातूनही तो २००३ साली काढला, तेव्हापासून तो ‘केअरर्स अलाउन्स’ झाला. तुम्हीही काढा.

यंदा आई परत आलीय. गेल्या आठवड्यात तिला जीपीकडे न्यायचं होतं, तर आदल्या रात्री कालनिर्णयच्या फाटक्या पानामागे तिने देवनागरीत चिठ्ठी लिहून ठेवली. पहिली ओळ: सहा आठवडे झाले. दुसरी: भाजी चिरायला बसले की अर्ध्यात उठून आडवी होते, झोपूनही थकवा जात नाही. तिसरी: जिना चढते, धाप नाही, हातातून भांडं पडत नाही. आणि खाली, दोनदा अधोरेखित करून: ‘टायर्ड. नॉट वीक. ढकलायला लावू नये.’